मापाला जुना कीबोर्ड आणा

लॅपटॉपचा कीबोर्ड हा ब्लाउजसारखा असतो. हसू नका राव, पुढं वाचा, पटतंय का बघा.

या अंकाचे संपादक आमच्या दुकानात बायकोच्या साडीला फॉल लावून घ्यायला आले होते. मला म्हणाले, "सचिन, धंद्यातले अनुभव लिहून दे." मी म्हणलं, "काका, तुमच्या अंकात सगळे रिटायर झालेले लिहितात. कोणी तलाठी, कोणी हेडमास्तर. मला तर अजून दाढी पण नीट येत नाय." ते म्हणाले, "अरे, पण या भागात तुझ्याआधी लॅपटॉप उघडलेला माणूस दाखव मला." आणि खरंच की! लॅपटॉपच आमच्याकडं आत्ता आत्ता यायला लागलेत. म्हणजे या धंद्यातला सगळ्यात जुना, ज्येष्ठ, अनुभवी माणूस कोण? मीच! लई भारी वाटलं. लगेच लिहायला बसलो.

दुकान मंचरला. अर्धं आईचं, अर्धं माझं. मधे भिंत नाय, नुसतं एक कपाट. पाटीसुद्धा एकच: "लेडीज टेलर, पिको-फॉल व लॅपटॉप दुरुस्ती". त्यामुळं होतं काय, की बायका माझ्यापुढं अस्तराचं कापड टाकतात आणि बाप्ये आईपुढं लॅपटॉप. आई पण घाबरत नाय. लॅपटॉप उलटापालटा करून बघती आणि म्हणती, "परवा या, काजं-बटणं राहिलीत." गिऱ्हाईक मुकाट्यानं जातं.

आता काजं-बटणं म्हणजे माझ्या धंद्यात कीबोर्डच. स्क्रीन क्वचित जाते, बॅटरी आपोआप जाते, पण कीबोर्ड माणूस स्वतः मारतो. राजुरीचे एक दूध डेअरीवाले आले, त्यांच्या लॅपटॉपची बटणं दाबली की आत जायची आणि वरच यायची नायत. मी कीबोर्ड उपसला. खाली दही लागलेलं! धार काढून आलं की तसल्याच हातानं आकडे टाकायचे, वर्षभर. मी म्हणलं, "भाऊ, कीबोर्ड नवा टाकावा लागंल." ते म्हणाले, "आन् या दह्याचं काय?" जसं काय मी ते डब्यात भरून परत देणार होतो!

नारायणगावचे एक टोमॅटोचे व्यापारी वेगळेच. म्हणाले, "मला नुसते आकडे लागतात. बाकीची बटणं काढून टाक, स्वस्तात बसंल." त्यांना वाटलं, कीबोर्ड बटणांवर विकतात, भाजीसारखा.

आणि सगळ्यात जास्त भेटतात ते "मेव्हण्याचा बसव"वाले. म्हणजे ह्यांच्या लॅपटॉपचा कीबोर्ड गेला, मेव्हण्याचा लॅपटॉप बंद पडलेला आहे, तर त्याचा काढून ह्याला बसव. मी सांगतो, "भाऊ, कंपनी वेगळी आहे, बसणार नाय." ते म्हणतात, "थोडं कानशीनं घास की!" आमच्याकडं ट्रॅक्टरचा कुठलाही पार्ट कुठल्याही ट्रॅक्टरला कानशीनं घासून बसतो, त्यामुळं हा सल्ला मला जवळजवळ रोज मिळतो.

तर, ब्लाउज. बाई येते आणि म्हणते, अमक्या नंबरचा शिवा. आई कधीच नंबरावर शिवत नाय. ती म्हणती, "नंबर राहू द्या, मापाला जुना आणा." कारण नंबर एकच असला तरी खांदा वेगळा, बाही वेगळी, गळा वेगळा. कीबोर्डचं सेम टू सेम! लॅपटॉपच्या झाकणावर एक नाव असतं. त्याच नावाच्या लॅपटॉपमधे आत तीन तऱ्हेचे कीबोर्ड निघतात. कुणाची पट्टी डावीकडं, कुणाची मधोमध. पट्टी म्हणजे ती कागदासारखी पातळ वायर, जी खाली खाचेत जाते. ती नाय पोचली तर कीबोर्ड नुसता शोभेला. मग स्क्रूची भोकं जुळली पायजेत, कडेचे दात जुळले पायजेत, एंटरचं बटण लांबडं का कोयत्यासारखं वाकडं ते बघायला पायजे. म्हणून झाकणावरच्या नावावर जायचंच नाय. कीबोर्ड काढायचा, उलटा करायचा, पाठीवर एक बारकं लेबल असतं, त्याच्यावरचा नंबर घ्यायचा आणि पुण्याच्या होलसेलवाल्या शेठना फोन करायचा.

आणि ते लेबलच वाचता येत नसलं तर? आता येतो खरा किस्सा!

आमच्या धंद्याला एक सीझन असतो, दसऱ्यानंतरचा. खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळा, कोयता, फवारणीचा पंप, मोटरचा स्टार्टर, ट्रॅक्टर. आणि आता त्याच ओळीत लॅपटॉप! उघडून ठेवतात, कारण बंद ठेवला तर पूजा पोचणार कशी? हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, आणि वरून नारळ फोडून सगळ्यांवर पाणी शिंपडायचं. विळ्याला काय होत नाय. ट्रॅक्टरला काय होत नाय.

अवसरी बुद्रुकचा विलासभाऊ दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी आला. बटाटा-कांदा करणारा, अंगानं पैलवान, पण लॅपटॉप असा छातीशी धरला होता जसं आजारी कोकरू.

"सचिन, वाचव रं मला."

"काय झालं विलासभाऊ?"

"एक बटण दाबलं की दहा उमटत्यात, आन् मंग टूंटूंटूं वरडतंय."

मी लॅपटॉप उलटा करून हलवला. टेबलावर तांदूळ पडले.

"विलासभाऊ, जेवता जेवता काम करता व्हय?"

"न्हाई रं. अक्षता हायेत त्या. आईनं पूजा केली, आन् आबांनी नारळाचं पाणी मारलं. म्हणले, सगळ्यांस्नी सारखं."

आबा म्हणजे विलासभाऊचे आजोबा. समदर्शी माणूस!

मी म्हणलं, काय घाई नाय, आठवड्यानं या. तर विलासभाऊ माझ्या स्टुलावर मटकन बसला. म्हणाला, रविवारी पावणं घर बघायला येणार हायेत. खोडदचे. रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या अँटेनांच्या तिकडचे. मुलगी अश्विनी, बी.कॉम. झालेली, घरी बसून कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं घेते. तिची एकच अट. लग्नानंतर काम सोडणार नाय, घरात चालता कॉम्प्युटर पायजे, आणि तो ती स्वतः बघणार.

"मग तुम्ही काय म्हणलात?"

"म्हणलं, लॅपटॉप हाय की! माझा समदा कारभार लॅपटॉपवरच चालतो."

"आणि चालतो का?"

विलासभाऊनं इकडं तिकडं बघितलं. कपाटाच्या पलीकडं आईची मशीन थांबली होती, म्हणजे ती पण ऐकत होती. "पत्ते खेळतो रं," तो हळूच म्हणाला. "चुलतभावानं जुना दिला, त्याच्यात व्हते."

मी म्हणलं, बाहेरचा मोठा कीबोर्ड जोडून देऊ का तात्पुरता? तो म्हणाला, "कुबडी लावून दाखवू व्हय नवरीला?" मग म्हणाला, "आधी दोन ठिकाणनं नकार आला तवा काय वाटलं न्हाई बघ. पण हिनं बघायच्या दिवशी मला इचारलं, तुमाला काय आवडतं? तोवर कुणीच इचारलं नव्हतं. हिचा नकार आला ना, तर लई वाईट वाटंल मला."

आता सांगा, असं ऐकल्यावर माणूस आठवड्यानं या म्हणंल का? मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

कीबोर्ड उपसून उलटा केला, आणि लेबल लालभडक! कुंकवाचं पाणी झिरपून बरोबर नंबरावर जाऊन बसलेलं. पुसायला गेलो तर नंबरच पुसला. शेठना फोन लावला. शेठ म्हणाले, "ढक्कन पे क्या लिखा है?" मी सांगितलं, पण म्हणलं, शेठ, मापाला जुना पाठवतो. शेठ म्हणाले, "अरे कीबोर्ड है के ब्लाउज है? एक ही आता है, भेज देता हूं."

आला. आमच्याकडची माल पोचवायची पद्धत म्हणजे कोथिंबिरीचा टेम्पो. संध्याकाळी पुण्याला मार्केटला भरून जातो, सकाळी रिकामा येतो, येताना माझं पार्सल आणतो. पार्सल उघडलं आणि बसवायला गेलो, तर पट्टी मधोमध! आपल्याला पायजे डावीकडं. विलासभाऊचे आबा सोबत आले होते. ते म्हणाले, "वायर वाढव की दोन बोटं." आई मेजर टेप गळ्यात घालूनच आली, तिनं लॅपटॉपवर टेप लावला आणि म्हणाली, "कमरेत बसतोय, पण खांद्याला उडतोय. तुला म्हणलं होतं, मापाला जुना पाठव!"

मग काय, शुक्रवारी संध्याकाळी मेलेला कीबोर्ड फडक्यात गुंडाळून कोथिंबिरीच्या जुड्यांवर ठेवून दिला. सोबत चिठ्ठी नाय काय नाय. शेठना फोनवर एवढंच सांगितलं, "ह्याच्यावर ठेवून बघा, आणि जो तंतोतंत बसंल तोच पाठवा. दिसायला कसा पण असू द्या."

हे शेवटचं वाक्य मी का बोललो, देव जाणे!

रविवारी सकाळी मी टेम्पोची वाट बघत स्टँडवर. टेम्पो खेडच्या ट्रॅफिकमधे अडकलेला. विलासभाऊचे फोनवर फोन. "निघाले खोडदवरनं!" "नारायणगावात आले!" "मंचरात हायेत रं, तुझ्या शेजारनंच गेले असतील!" टेम्पो आला, पार्सल घेतलं, विलासभाऊचा लॅपटॉप पिशवीत होताच, गाडीला किक मारली आणि सुसाट अवसरी. पोचलो तर पावणे पडवीत बसून पाणी पितायत. मी मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात.

चुलीपाशी पाटावर बसलो आणि पार्सल फोडलं. कोथिंबिरीचा घमघमाट! पट्टी लावली. डावीकडं, बरोबर! स्क्रू, बरोबर! दात खटखट बसले. एंटर लांबडं. आजवर इतका चपखल बसलेला कीबोर्ड मी बघितला नव्हता. आणि मग मी बटणांकडं नीट बघितलं.

प्रत्येक बटणावर इंग्रजी अक्षर होतंच, पण त्याच्या शेजारी आणखी एक. गोलगोल, वेटोळी, शेपट्या फुटलेली, जशा काय जिलब्याच. शेठना फोन केला. शेठ शांतपणे म्हणाले, "थायलंड का माल है. तूने ही बोला, दिखने में कैसा भी."

तेवढ्यात विलासभाऊची आई मागं येऊन उभी. हातात करंडा. "नवी वस्तू हाय, नुसतं बोट लावते रं—"

"काकू, लांब!" मी असा किंचाळलो की पडवीत बोलणं थांबलं.

बाहेरून आवाज आला, "आणा की तो लॅपटॉप!" विलासभाऊ आत आला, लॅपटॉप उचलला, आणि जिलब्या न बघताच बाहेर निघाला. मी त्याच्या मागं, "विलासभाऊ, ऐका तर, विलासभाऊ—" करत थेट पडवीत. सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर, डोक्यात कोथिंबिरीची काडी.

"हे कोण?" अश्विनीच्या वडलांनी विचारलं.

आबा जराही अडखळले नाहीत. "त्यो व्हय? विलासचा असिस्टंट."

मी मान हलवली. काय करणार!

विलासभाऊनं सतरंजीवर लॅपटॉप उघडला. तिथं पहिल्यांदा त्याला जिलब्या दिसल्या. त्याचं तोंड बघवत नव्हतं. अश्विनीचे आजोबा, पांढरा फेटा, जाड भिंगाचा चष्मा, वाकून बघायला लागले. "ही कंची अक्षरं म्हणायची?"

मग आबा म्हणाले, "मोडी हाय ती."

"मोडी?"

"मंग! आमच्या जमिनीच्या जुन्या कागदावं हीच अक्षरं हायेत. घरात मोडी पायजेच, म्हणून खास बसवून घेतली." आणि माझ्याकडं बघून, "काय रं असिस्टंट?"

मी खोकलो.

मला वाटलं, इथं पकडले गेलो. पण खोडदचे आजोबा मागं हटणारे नव्हते. "मोडीच हाय," ते म्हणाले. "माझ्या वडलांना येत व्हती. मलाबी थोडी येती."

"वाचा की मंग, पावणं."

आजोबांनी एका बटणावर बोट ठेवलं. डोळे बारीक केले. "हा 'श्री' हाय."

"कुठं 'श्री'? त्यो 'क' हाय," आबा म्हणाले.

"'क'ला शेपूट असतंय का?"

"मोडीत असतंय."

"आवो, मला शिकवताय का? माझ्या वडलांनी पाटलांचे कागद वाचल्यात!"

"आन् आमच्या आज्यानं लिवल्यात!"

दोघं म्हातारे थायलंडच्या कीबोर्डवरून हातघाईवर आलेले, आणि मी ओठ चावून हसू दाबतोय. हसलो असतो तर सोयरीक तिथंच मोडली असती.

तेवढ्यात अश्विनीनं लॅपटॉप हळूच स्वतःकडं ओढला. मांडीवर घेतला आणि टायपिंग सुरू केलं. राव, काय स्पीड! बटणांकडं बघतच नव्हती. समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत टडटडटड. तिला त्या जिलब्यांचं काय देणंघेणंच नव्हतं. वरची रांग, मधली, खालची, स्पेस, एंटर, एकेक बटण तपासलं. मग थांबली. बोटांचा वास घेतला. "कोथिंबीर?" असं स्वतःशीच म्हणाली आणि माझ्याकडं वळली.

"असिस्टंट, किती दिवस झाले कामाला लागून?"

मी आयुष्यात खोटं बोलू शकलो नाय, खरंच पटकन तोंडातून बाहेर पडतं. "आत्ताच लागलो," मी म्हणलं. "तुम्ही पाणी पीत होतात तेव्हा."

आबांनी कपाळावर हात मारला. अश्विनी विलासभाऊकडं वळली. "तुम्ही काय करता यावर?"

विलासभाऊनं एकदा आबांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग खाली सतरंजीकडं बघत म्हणाला, "पत्ते खेळतो."

तिच्या वडलांचा कप बशीत आपटला.

"आन् त्यो बी दसऱ्यापास्नं बंद व्हता," विलासभाऊ एका दमात सांगून मोकळा झाला. "पूजंत पाणी गेलं. ही मोडी न्हाई, थायलंडची हाय का कुठली, मला बी आत्ताच दिसली. ह्या सचिननं आणली पळत. तुमी म्हणला व्हता ना, चालता पायजे. म्हणून चालता केला."

काकू दारातून म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं न्हाई बाई. मीच पुजला."

खोडदचे आजोबा मात्र अजून वाकून बघत होते. पुटपुटले, "थायलंडात बी 'श्री' असाच काढत असतील."

अश्विनीला हसू आवरंना. तोंडाला पदर लावला तरी खांदे हलत होते. मग डोळे पुसून मला म्हणाली, "बटणांवर चिकटवायचे मराठी अक्षरांचे स्टिकर मिळतात. आहेत तुझ्याकडं?"

"मागवतो की!"

"मागव. ही अक्षरं झाकून टाक. मला इथं मराठी टायपिंगची पण कामं घ्यायचीत."

मी म्हणलं, "कधीपर्यंत पायजेत?"

"तुळशीचं लग्न झालं की आमचं," ती म्हणाली. "त्याच्या आत लाव."

मला पण समजायला जरा वेळ लागला. सगळ्यात आधी समजलं काकूंना, त्या आत साखर आणायला पळाल्या. सगळ्यात शेवटी समजलं विलासभाऊला. समजलं तसा तो ताडकन उठला, आणि त्याच्या गुडघ्यानं चहाचा अख्खा ट्रे उडवला.

सगळे ओरडले. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तर चहा सतरंजीवर, विलासभाऊच्या पायजम्यावर, आबांच्या धोतरावर. आणि अश्विनी उभी. लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलेला, कोरडा ठणठणीत, एक थेंब नाय लागलेला.

चांगलं झालं म्हणून मी टाळ्या वाजवल्या. पण धंद्याच्या हिशोबानं खरं सांगायचं, तर अवसरीचं माझं ते एक हक्काचं गिऱ्हाईक त्याच दिवशी कायमचं गेलं.